पंचवीस अंशांची खोली

"सर, तुम्ही शेवटची परीक्षानळी कधी हातात धरली होती?"

हा प्रश्न माझा नव्हता हं! फिरदौस आणि केतकी या माझ्या खोलीतल्या दोघींनी आदल्या संध्याकाळी पैज लावली होती. पहिल्याच व्याख्यानात उभं राहून हा प्रश्न विचारायचा, नाहीतर मेसमधली कारल्याची भाजी तिघींच्या वाटची एकटीनं संपवायची. आठवीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा माझा आवाज घशात अडकायचा. पण दहावीच्या वर्षी काय झालं कोण जाणे, मी जिल्ह्याच्या वादविवादात बोलले, जिंकले, आणि त्यानंतर तोंडाला कुलूप लागायचं नावच घेईना. तर मी उभी राहिले आणि विचारलं.

 डॉ. हेरंब सबनीस फळ्यासमोर थबकले. हे साधेसुधे मास्तर नव्हेत. 'पारख' हा संगणकीय कार्यक्रम ज्यांनी घडवला, ते हे. आणि सैद्धांतिक व संगणकीय रसायनशास्त्राची ही चिखलदऱ्याची उन्हाळी शाळाही त्यांचीच. पूर्वी अशा शाळांना पीएच.डी. करणारे यायचे. पारखमुळे अवघड गणित यंत्राकडे गेलं आणि आता दहावी झालेल्या पोरांचीही एक तुकडी घेतात.

"बारावीत," सर म्हणाले. "फुटली. तेव्हापासून काचेचं आणि माझं जमत नाही."

सगळे हसले. सरही हसले. "नाव काय तुझं?"

"श्रावस्ती इंगळे. अकोला."

"अकोला! म्हणजे तू शिकायला नाही, हवा खायला आलीस." पुन्हा हशा. "पण का विचारलंस?"

याचं उत्तर पैजेत ठरलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, "म्हणजे... सगळं संगणकावरच काढलं, तर ते बरोबर आलंय का हे कोणी बघतं का सर?"

हा प्रश्न मात्र माझा होता.

"पारखला कोणी बघावं लागत नाही," सर म्हणाले. हसू तसंच होतं, पण त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर जरा जास्तच वेळ राहिली. फिरदौसनं खालून माझा कुर्ता ओढला. "बस आता, मेले! जिंकलीस."

पारख काय करतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. औषधाची गोळी म्हणजे एकाच प्रकारचे असंख्य रेणू एकमेकांवर रचलेले. स्वयंपाकघरातल्या फळीवर तेच डबे तुम्ही आडवे, उभे, एकाआड एक असे कसेही रचू शकता ना? रेणूंचंही तसंच. डबे तेच, रचना निराळी. आणि रचना बदलली की गोळीचा स्वभाव बदलतो. एक रचना पाण्यात पटकन विरघळते, दुसरी दगडासारखी बसून राहते. प्रत्येक रचनेची एक ऊर्जा असते. डोंगरदऱ्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक दरी म्हणजे एक रचना आणि दरी जितकी खोल, तितकी ती रचना पक्की. गोळी उथळ दरीत बसलेली असेल आणि शेजारी खोल दरी असेल, तर मधला उंचवटा ओलांडून ती कधीतरी तिकडे घरंगळू शकते. असा नकाशा काढायचा तर इलेक्ट्रॉनांपासून सगळी आकडेमोड करावी लागते, त्यात महिने जातात. पारखनं तसे लाखो नकाशे आधी शिकून घेतलेत, त्यामुळे नवा रेणू दाखवला की पापणी लवायच्या आत उत्तर!

याचा परिणाम असा झाला की औषधं तपासायची जुनी रीत मोडीत निघाली. आधी म्हणे गोळ्या उष्ण, दमट कपाटांत ठेवून महिनोन्‌महिने वाट बघायचे, बिघडतात का ते. कपाटं बंद झाली. पारखनं 'टिकेल' म्हटलं की गोळी बाजारात.

अशीच एक गोळी म्हणजे 'सुस्थिर'. माझी आई ती घेते. आईला फिट येतात. सुस्थिर रोज एक, जिभेवर ठेवायची, विरघळली की झालं. सोबत मनगटाला पट्टा. घामावरून तो ओळखतो की औषध रक्तात पोचलंय की नाही. पोचलं तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. ठिपका आईच्या मनगटावर दिसतो, डॉक्टरांना दिसतो, बाबांच्या मोबाईलवर दिसतो आणि आई ज्या बालवाडीत शिकवते तिथल्या कार्यालयातही दिसतो. लाल ठिपक्याच्या बाईकडे लहान मुलं सोपवत नाहीत. तसा नियमच आहे. जूनमध्ये बालवाडी उघडायच्या आत ठिपका हिरवा झाला नाही, तर आईचा वर्ग जाणार होता.

आणि मे महिना लागल्यापासून तो लाल होता.

पहिल्याच आठवड्यात घरी व्हिडिओ कॉल लावला.

"जय भीम बाबा! आई कुठंय?"

"हाय इथंच." बाबांनी मोबाईल फिरवला. आई ओट्याशी उभी होती. ते तिला म्हणत होते, "तोंड उघड. जीभ वर कर."

"बाबा! हे काय?"

"तुही आई गोळी खात नाही पोरी. लाल हाय पाह्य." बाबांचं अकोल्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यांचा आयुष्यभराचा एकच मंत्र, गिऱ्हाइकालाही आणि घरालाही. "माणूस खोटं बोलते. मीटर नाही बोलत."

"मी काहून खोटं बोलू?" आई म्हणाली. ती चिडली नव्हती, नुसती थकली होती. "तुमच्यासमोर ठेवते जिभेवर. आता तर ती कडूबी लागत नाही. सवय झाली असंन."

खरं सांगते, त्या क्षणी मलाही आईचाच संशय आला. मागच्या हिवाळ्यात गोळी घेताना तिचं तोंड कसं व्हायचं ते मी बघितलंय, कच्चं कारलं चावल्यासारखं! आता कडू लागत नाही म्हणजे काय? जिभेखाली दडवून नंतर थुंकली, तर कशी लागेल कडू? शिवाय मागच्या मे महिन्यातही हेच झालं होतं. लाल ठिपका, बाबांची कटकट, मग एका दुपारी आईला फिट, कपाळाला टाके. "गोळीनं डोकं जड होते" असं ती एकदा म्हणाल्याचंही मला आठवलं. धागे जुळत गेले. संशयाचं असंच असतं, एकदा बोट धरलं की तो स्वतःच चालायला लागतो.

"आई, घेत जा ना गं नीट," मी म्हणाले.

आई कणीक मळायला वळली.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एकेका रेणूवर सादरीकरण करायचं होतं. रेणू आपण निवडायचा. मी सुस्थिर निवडलं. हेतू काही फार थोर नव्हता. मला आईला दाखवायचं होतं की बघ, किती पक्की गोळी आहे, दोष औषधाचा नाही. म्हणजे मी बाबांच्याच बाजूनं पुरावा गोळा करत होते!

पारखमध्ये रेणू घातला. हिरवं. दुसरी, जास्त खोल दरी शेजारी होती, पण मधला उंचवटा ओलांडायला काही पिढ्या लागतील असं उत्तर आलं. संपलं काम! आनंदात मी अकोल्याहून आणलेलं चॉकलेट काढलं. बसमध्ये परतवाड्यापर्यंत त्याचं पार पाणी झालं होतं, घाट चढल्यावर गारव्यानं पुन्हा घट्ट झालेलं. वर पांढरी बुरशी आल्यासारखा थर.

"शी! शिळं चारतेस का आम्हाला?" केतकी म्हणाली. ती पुण्याची, तिच्या चॉकलेटांवर कधी पांढरं येत नाही.

"शिळं नाही ते." आमच्या प्रात्यक्षिकांच्या लोणारे मॅडम मागून आल्या आणि त्यांनी एक तुकडा खुशाल तोंडात टाकला. "उन्हात रचना बदलली त्याची. रेणू तेच आहेत. पण आता जिभेवर आधीसारखं विरघळत नाही, रवाळ लागतं. खाऊन बघ."

खाल्लं. रवाळ! फिरदौस मिटक्या मारत म्हणाली, "आमच्या परभणीत मेमध्ये सगळी चॉकलेटं अशीच असतात. मला वाटायचं, चवच अशी असते."

आम्ही हसलो, पण माझा हात थांबला. उन्हात? मी पुन्हा पारखच्या पानावर गेले. वर, कोपऱ्यात, करड्या बारीक अक्षरांत एक चौकट होती. तापमान, पंचवीस. आम्ही कोणी ती भरलेली नव्हती. ती भरलेलीच येते.

"हे पंचवीस कुठून आलं?"

"खोलीचं तापमान गं," केतकी म्हणाली. "पुस्तकात सगळीकडे तेच असतं."

"कोणाच्या खोलीचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मे महिन्यात पंचवीस अंशांची खोली अकोल्यात कोणाकडे आहे ते सांग, मी तिथे राहायला जाते!"

फिरदौस खो-खो हसली. मी चौकटीतलं पंचवीस पुसून सेहेचाळीस लिहिलं. उष्णता म्हणजे रेणूंची थरथर. थरथर वाढली की उडी उंच जाते, आणि पिढ्या लागणारा उंचवटा... पारख नेहमीसारखं पापणी लवायच्या आत बोललं नाही. चाक फिरत राहिलं. मग पान लाल झालं. 'एका उन्हाळ्याच्या आत रचनाबदल संभवतो. नव्या रचनेची विद्राव्यता अत्यल्प.'

 सेहेचाळीस सोडा, आमच्या घरात पत्र्याखालच्या ज्या फळीवर आई गोळ्या ठेवते, तिथे हात लावला तर चटका बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारख उघडलं तर ती चौकट बंद! पंचवीसवर कुलूप. आकडा पुसता येईना, बदलता येईना. सगळ्यांच्याच संगणकांवर.

माझं डोकं फिरलं. काल हे आम्हां तिघींनाच माहीत होतं. फिरदौस असं करणार नाही. राहिली कोण? केतकीला इथल्या निवासी अभ्यासक्रमाची जागा हवी होती हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती.

"तूच सांगितलंस ना सरांना?" नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांसमोर मी विचारलं.

"काय?"

"चौकटीचं!"

"वेडी आहेस का? पुरावा काय?"

"जागा तुलाच हवी आहे ना इथली!"

केतकीनं पोह्यांची ताटली तशीच सोडली. "मला हवी आहे म्हणून मी चोर?" ती म्हणाली आणि उठून गेली. फिरदौस माझ्याकडे बघत होती. "श्रावस्ती, तोंड फुटलंय तुला नवीन," ती म्हणाली. "जरा बघून वापर."

तेवढ्यात सबनीस सरांचं बोलावणं आलं.

सरांच्या खोलीत खिडकीतून दरी दिसते. आणि भिंतीवर एक मोठा पडदा. त्यावर आमची सगळ्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे त्यानं पारखमध्ये काय काय बदललं ते आपोआप उमटत होतं. माझं नाव तांबडं.

म्हणजे केतकीनं काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.  ठिपका लाल दिसला की माणूस चोर, हे मी आमच्याच घरात शिकले होते.

"बस," सर म्हणाले. आवाज अगदी प्रेमळ. "ती चौकट बदलायला कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही. आमच्याकडे तेवढं तापमान असतं."

"हं. पण पस्तीस अंशांच्या वरचं जग पारखनं पाहिलेलंच नाही. तिथे ते नुसते अंदाज मारतं. त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. म्हणूनच मुलांचा गोंधळ नको म्हणून कुलूप लावलं."

हे पटण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत! शास्त्र म्हणून ते बरोबर होतं. "मग सर, अकोल्यात गोळी विकताना कशाच्या भरवशावर विकतात?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं. थंड व कोरड्या जागी ठेवावे."

"सर, मेमध्ये आमच्याकडे थंड जागा म्हणजे एक तर फ्रिज, नाही तर चिखलदरा."

ते हसले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी फिरवला, थांबवला. "हुशार आहेस. खरोखर. इथे दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे, अकरावी-बारावी आणि संशोधन एकत्र. यंदा एकच जागा. ती मी तुला देणार आहे. एक करारपत्र आहे, नेहमीचंच. पारखवर केलेलं काम संस्थेच्या परवानगीशिवाय बाहेर मांडायचं नाही. आईवडील समारोपाला येतील तेव्हा सही करा."

"आणि सुस्थिर?"

"ते आम्ही बघतो. हिवाळ्यापर्यंत तपासणी लावू. समारोपाला तू दुसरा एखादा रेणू घे."

मी 'थँक्यू सर' म्हणून बाहेर आले. जिना उतरता उतरता पाय थांबले. हिवाळ्यात? हिवाळ्यात तपासलं तर सगळं हिरवंच दिसणार ना! सरांनी हे मुद्दाम म्हटलं की त्यांच्या डोक्यातच आलं नाही? थंड खोल्यांत बसणाऱ्या माणसाला हिवाळा आणि उन्हाळा सारखाच वाटत असेल. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि तेच जास्त भीतीदायक आहे. उघड खलनायक असता तर सोपं गेलं असतं.

आधी केतकीकडे गेले. ती खोलीत पालथी पडून होती.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "सरांच्या पडद्यावर सगळं आपोआप दिसतं. तू काही केलं नाहीस."

"ते मी सकाळीच सांगितलं होतं."

"हो. मी ऐकलं नाही."

ती उठून बसली. डोळे सुजलेले. "कळलं का कसं वाटतं? खरं सांगत असताना कोणी तोंडाकडे बघतच नाही."

मला एकदम आई दिसली. ओट्याशी, जीभ वर करून. 'आता तर ती कडूबी लागत नाही.' अगं बाई! न विरघळणारी वस्तू जिभेला कडू लागेलच कशी? वाळूचा खडा कधी कडू लागतो का? आईनं आम्हाला अख्खा निष्कर्ष वाढून दिला होता आणि मी त्याच वाक्याचा तिच्याविरुद्ध पुरावा केला होता. मी हे सगळं केतकीला सांगितलं, आणि तिनंच मला पाणी दिलं.

पारखला कुलूप होतं, पण रसायनशास्त्राला नव्हतं. मी लोणारे मॅडमकडे गेले. पारखच्या आधीची, इलेक्ट्रॉनांपासून मोजत जायची पद्धत शिकवाल का? तिच्यात अंदाज नसतो, तापमान कितीही घाला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"हळू असते ती पद्धत. जुन्या मशीनवर काही दिवस जातील. आणि मी फक्त पद्धत शिकवेन. कोणत्या रेणूला लावणार ते मला सांगू नकोस."

"बरं मॅडम."

"सांगू नकोस म्हणाले ना. तोंडावर दिसतंय तुझ्या. तिकडे बघ."

शिकलो आम्ही तिघी. सगळा स्फटिक मोजणं शक्य नव्हतं, म्हणून एक छोटा तुकडा घेतला. एक रचना, दुसरी रचना, आणि मधला उंचवटा. केतकी गणितात पक्की, तिनं माझ्या दोन घोडचुका पकडल्या. फिरदौस पंख्यासमोर मशीन ठेवून त्याच्याशी बोलायची, "चल राजा, थकू नको." उत्तर आलं ते पारखच्या लाल पानापेक्षा थोडं सौम्य होतं. पण सूर तोच. पंचवीस अंशांवर गोळी बसल्या जागी राहते. आमच्या फळीवर ती उन्हाळ्यातच पलीकडच्या दरीत जाते, आणि मग कितीही गार करा, परत येत नाही. हिवाळ्यात ठिपका हिरवा होतो तो नवी पट्टी येते म्हणून.

तरी हे सगळं आकड्यांतलंच. आकड्यांवर एकदा विश्वास ठेवून बसल्यावर आता मला वस्तू हवी होती.

समारोपाच्या सकाळी आई-बाबा आले. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, आईच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी असणारच हे मला ठाऊक होतं. "चहाआधी जरा बाजारात चला," मी म्हटलं आणि त्यांना तिथल्या औषधांच्या दुकानात नेलं. चिठ्ठी दाखवून सुस्थिरची नवी पट्टी घेतली. चिखलदऱ्याच्या गारव्यात राहिलेली.

समोरच्या बाकावर बसलो. "आजची गोळी घेतली?"

"नाही, तुह्या बाबासमोर घ्याची अस्ते ना," आई म्हणाली.

"मग आधी अर्धी घरची घे."

आईनं जिभेवर ठेवली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. काही नाही. "माती," ती म्हणाली. "तशीच हाय अजून जिभेवर."

"आता अर्धी इथली."

ठेवली मात्र, आईचं अख्खं तोंड आक्रसलं! डोळे मिटले, खांदे वर गेले. "आई गं! पाणी दे!"

 बाबांनी घरच्या पट्टीतल्या गोळीचा कण नखानं काढून जिभेला लावला. मग इथल्या गोळीचा. "थू!" तोंड पुसलं. मग पुन्हा घरच्या गोळीचा. ते खरे मेकॅनिक, एकदा बघून मानणारे नव्हेत. मी त्यांना दरी, उंचवटा, सेहेचाळीस अंश, सगळं सांगितलं. "मीटर खरंच बोललं बाबा. औषध रक्तात नाही, एवढंच म्हणालं ते. आई घेत नाही, हे आपण म्हणालो."

 शेवटी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून बाबांनी ती आईच्या हातात दिली. आई पाणी प्यायली. बाबांनी बाटली परत घेऊन झाकण लावलं.

"करुणा," ते आईला म्हणाले. 

"घरी गेल्यावर बोलू," आई म्हणाली.

सभागृहाकडे चढताना बाबांनी मला बाजूला घेतलं. करारपत्राचं मी फोनवर सांगितलं होतंच. "तुह्या आईचं झालं ना मंग? गोळ्या फ्रिजमंधी ठेवतो, बालवाडीत मी सोता जाऊन सांगतो. तू सही कर. अशी जागा आपल्या घरात कोनाले भेटली? सर मानूस मोठा हाय. त्याच्याशी वाकडं कायले?"

"आपल्याकडे फ्रिज आहे बाबा."

"मंग?"

"फिरदौसच्या शेजारच्या काकूंकडे नाही. त्याही सुस्थिर घेतात, त्यांचाही ठिपका लाल आहे. त्यांच्या मुलानं गोळ्या कुलपात ठेवल्यात, स्वतःच्या हातानं जिभेवर ठेवतो म्हणे. फिरदौसनं काल घरी फोन केला तेव्हा कळलं."

आई मागून आली. धाप लागलेली, पण आवाज ताठ. "मंचावर सांगशीन तर माहं नाव घे. लाल ठिपका समद्यांनी पाह्यला, आता हेबी पाहू दे."

आतून केतकीचं सादरीकरण संपल्याच्या टाळ्या आल्या. दारात सबनीस सर उभे होते, हातात करारपत्र, चेहऱ्यावर तेच हसू. त्यांनी मला लांबूनच मान हलवून विचारलं, काय, ठरलं?

 ती खिडकी, ती दरी, दोन वर्षं नुसतं हेच करत राहायचं, मला हवं होतं हो ते! खूप हवं होतं. मी आई-बाबांकडे वळले.

"ऐका. मी सही करत नाहीये. अकरावी अकोल्यातच करीन. आणि आत्ता आत जाऊन सुस्थिरच मांडणार आहे, सेहेचाळीस अंशांवरची, आईच्या नावासकट. विचारत नाहीये बाबा, सांगतेय. मला इथे पुन्हा कोणी बोलावणार नाही, म्हणून सगळं आजच बोलून येते. तुम्ही पहिल्या रांगेत बसा."